प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट: दोघांच्या पहिल्या युरोप प्रवासासाठी एकच रेल्वेमार्ग

युरोपला पहिल्यांदा निघालेल्या जोडप्यापुढे खर्चाचा प्रश्न असतोच, पण त्याहून अवघड प्रश्न असतो तो काय गाळायचे याचा. आमच्या यादीत पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस आणि रोम ही सगळी नावे होती. सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ती एकाच पानावर सुखाने नांदत असल्यामुळे एकाच रजेत बसतील, असे वाटणे स्वाभाविक होते. नकाशा आणि रेल्वेचे वेळापत्रक शेजारी-शेजारी ठेवल्यावर मात्र लक्षात आले की, दर वेळी शहर बदलले की किमान अर्धा दिवस खर्ची पडतो; कारण सकाळी सामान आवरून खोली सोडायची, स्थानक गाठायचे, प्रवास करायचा आणि नव्या शहरात खोली दुपारी उशिरा मिळणार म्हणून तोवर बॅगा कुठे ठेवायच्या याची सोय पाहायची, हा सारा व्याप प्रत्येक मुक्कामाला करावाच लागतो. म्हणून देशांची संख्या मोजायचे सोडून एकाच रेल्वेमार्गावरची शहरे निवडायची, असे आम्ही ठरवले आणि प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट हा मार्ग पक्का केला.

हे संपूर्ण अंतर पुण्याहून नागपूरला जाण्याइतकेही नाही. प्रागहून व्हिएन्नाला थेट गाडीने सुमारे चार तास लागतात आणि व्हिएन्नाहून बुडापेस्टला पावणेतीन तासांच्या आत पोहोचता येते. ही तिन्ही शहरे १९१८ पर्यंत हाब्सबुर्ग राजघराण्याच्या साम्राज्यात होती, त्यामुळे एका ठिकाणी भेटलेले राजे-राण्या पुढच्या ठिकाणी पुन्हा भेटतात आणि इतिहास दर मुक्कामाला नव्याने सुरू करावा लागत नाही. शिवाय माझ्या पतींना पूल आणि रेल्वे यांचे वेड आहे, तर मला चित्रे आणि संगीत प्रिय आहे; दोघांनाही आपापला वाटा मिळेल असा हा मार्ग होता. दोघांच्या प्रवासात ही बाब गौण मानू नये.

ज्यांना बर्फाची शिखरेच पाहायची आहेत, त्यांनी मात्र हा मार्ग धरू नये. त्यांनी सरळ स्वित्झर्लंड निवडावे, पण मग फक्त स्वित्झर्लंडच करावे. युंगफ्राऊयोख हे ३,४५४ मीटर उंचीवरचे स्थानक आहे आणि तिथले हवामान आपल्या आरक्षणाकडे पाहून ठरत नाही, म्हणून त्या भागात एखादा दिवस राखीव हवाच. ज्यांना शिल्पे आणि जुन्या वास्तू पाहायच्या आहेत, त्यांच्यासाठी रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस हाही वेगवान गाड्यांनी जोडलेला तितकाच सरळ मार्ग आहे. पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली हे तिन्ही एकत्र करण्याचा आग्रह मात्र मला अजूनही पटत नाही.

विमानाचे तिकीट काढताना जाणे प्रागला आणि परतणे बुडापेस्टहून, अशी मल्टी-सिटी पद्धत वापरावी. मुंबईहून आखाती शहरांमार्गे असा प्रवास करता येतो आणि केवळ परतीच्या विमानासाठी आल्या वाटेने मागे फिरावे लागत नाही. तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्या देशाकडे अर्ज करायचा असतो आणि मुक्काम समान असतील तर जिथून प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. आम्ही व्हिएन्नात अधिक रात्री ठेवल्या होत्या, म्हणून ऑस्ट्रियाकडे अर्ज केला. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि तो किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीच्या वेळा भराभर संपतात, म्हणून शेवटच्या मुदतीवर विसंबू नये. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून अर्ज केंद्राचे सेवाशुल्क निराळे असते. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा. पती-पत्नींपैकी एकाचेच उत्पन्न असेल किंवा पासपोर्टवर जोडीदाराचे नाव नसेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि खर्च उचलणाऱ्याचे पत्र अर्जासोबत जोडावे. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि छायाचित्र यांची नोंद करण्याची पद्धत सुरू झाली आहे; पहिल्या खेपेस त्यात वेळ जातो, तेव्हा युरोपातच विमान बदलायचे असल्यास दोन विमानांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे.

आम्ही सप्टेंबर निवडला. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाडे दोन्ही शिगेला पोहोचतात, शिवाय व्हिएन्नाचे स्टेट ऑपेरा त्या दोन महिन्यांत बंद असते. मे महिनाही चांगला असतो आणि तेव्हा संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड मिळतो.

प्रागमध्ये चार्ल्स पूल पाहायचा तो सकाळी सातच्या आत. १३५७ मध्ये बांधायला सुरुवात झालेला हा दगडी पूल दिवसभर माणसांनी इतका भरलेला असतो की, दोन्ही बाजूंचे ३० पुतळे दिसण्याऐवजी त्यांच्यासमोर उभारलेले मोबाइल दिसतात. पहाटे गेल्यामुळे योहान नेपोमुक या संताच्या पुतळ्याखालची कांस्य फलके आम्हाला अगदी जवळून पाहता आली. राजाज्ञेने त्याला याच पुलावरून नदीत लोटण्यात आले होते. बाकीचा पुतळा काळवंडलेला असताना, हात लावून गेलेल्या लोकांमुळे त्या फलकांवरचे ठरावीक भाग सोन्यासारखे लखलखतात. १४१० च्या खगोलीय घड्याळाबद्दल मात्र फार अपेक्षा ठेवू नये. तासाच्या ठोक्याला होणारा बाहुल्यांचा खेळ क्षणात आटोपतो आणि माना वर करून उभ्या राहिलेल्या त्या गर्दीत खिसेकापूंचे फावते. गर्दी पांगल्यावर तबकडीवरची सूर्य-चंद्राची आणि राशींची रचना निवांत पाहणे अधिक आनंदाचे आहे. पिंकास सिनेगॉग या ज्यू प्रार्थनास्थळाच्या भिंतींवर नाझींच्या छळाला बळी पडलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावे लिहिलेली आहेत. तिथून बाहेर पडल्यावर दोघांनाही बराच वेळ बोलवेना, म्हणून त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये असे सुचवते.

व्हिएन्नाला सर्वाधिक मुक्काम द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शनब्रुन राजवाड्याचे तिकीट वेळेसह आधीच काढावे, कारण आत सोडण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. बाग विनामूल्य आहे आणि टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानदार वास्तूपर्यंत चढून गेल्यास शहर समोर पसरलेले दिसते. चित्रकार क्लिम्टचे ‘द किस’ हे चित्र अप्पर बेल्व्हेडेअर या राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे आणि तिथे गर्दी असते, परंतु खरा दिवस काढावा तो कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात. ब्रॉयगेल या जुन्या चित्रकाराच्या चित्रांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह तिथे एकाच दालनात आहे आणि समोर बसायला बाकही आहेत. माझे पती तेवढ्या वेळात ट्रामने जुन्या शहराभोवतीचा रिंगरस्ता फिरून आले, आणि या व्यवस्थेत दोघेही समाधानी होते.

स्टेट ऑपेरात बसून पाहण्याची तिकिटे महाग असली, तरी उभे राहून पाहण्याची तिकिटे प्रयोगाच्या दिवशी अगदी माफक दरात मिळतात. आत शिरल्यावर लोक आपापल्या जागेच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधून निर्धास्तपणे बाहेर फेरफटका मारून येतात आणि ती जागा दुसरे कोणी घेत नाही. मीही ओढणी बांधली. शेजारच्या वृद्ध बाईंनी गाठ पुरेशी घट्ट आहे ना हे ओढून पाहिले आणि मान डोलावली. पायांत मऊ बूट असावेत आणि मध्यंतरात निघून जाण्यात कमीपणा मानू नये.

बुडापेस्टला पोहोचताच खर्चाचा भार हलका होतो आणि चालही संथ होते. १८७३ मध्ये बुडा, ओबुडा आणि पेस्ट एकत्र होऊन हे शहर झाले. डोंगराळ बुडावरून पेस्टकडे पाहावे आणि सपाट पेस्टमध्ये राहावे, ही विभागणी सोयीची ठरते. डॅन्यूबच्या काठाने जाणारी दोन क्रमांकाची ट्राम साध्या तिकिटात जे दाखवते, त्यानंतर महागड्या नौकाफेरीची गरज आम्हाला वाटली नाही. १८९६ मध्ये सुरू झालेली एक क्रमांकाची मेट्रो जमिनीच्या इतकी लगत धावते की, काही पायऱ्या उतरताच फलाट येतो; माझ्या पतींनी तिचे प्रत्येक स्थानक पाहिले. तिकिटावर यंत्रात शिक्का उमटवून घ्यायला विसरू नये, कारण तपासनीस वारंवार भेटतात. सेचेनी स्नानगृह १९१३ मधले आहे आणि तिथे टॉवेल, सपाता स्वतःच्या नेल्यास खर्च वाचतो. त्याच वर्षी याच शहरात चित्रकार अमृता शेरगिल यांचा जन्म झाला होता, हे तिथल्या गरम पाण्यात बसल्या बसल्या आठवले.

शाकाहारींची अडचण होते, पण उपासमार होत नाही. प्रागमधले तळलेले चीज, ऑस्ट्रियातले केझश्पेट्सल (चीज घातलेल्या शेवया) आणि बुडापेस्टमधले लांगोश (तळलेली जाड पोळी) हे पदार्थ भरपेट असतात. मात्र सूप मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना आणि तळण चरबीत नाही ना, हे आवर्जून विचारावे. स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्यास सकाळचा प्रश्न मिटतो. घरून भाजणी आणि खाकरे न्यावेत, परंतु पेढे किंवा तूप नेऊ नये. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. व्हिएन्नात नळाचे पाणी थेट आल्प्सच्या झऱ्यांमधून येते, तेव्हा बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही. तिथे रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी दूध-ब्रेड घेऊन ठेवावे.

युरो फक्त ऑस्ट्रियात चालतो. चेकियात कोरुना आणि हंगेरीत फोरिंट आहे. आम्ही बहुतेक ठिकाणी कार्ड वापरले आणि स्थानकांवरच्या स्वच्छतागृहांसाठी थोडी नाणी जवळ ठेवली. कार्ड यंत्राने रुपयांत पैसे घेऊ का असे विचारल्यास नकार देऊन स्थानिक चलनच निवडावे, कारण रुपयांचा दर हमखास चढा असतो. रेल्वेची तिकिटे लवकर काढल्यास पुष्कळ स्वस्त पडतात, पण ती ठरावीक गाडीपुरतीच असतात. जुन्या भागांत फरसबंदीवरून सामान ओढावे लागते आणि हमाल मिळत नाहीत, म्हणून दर माणशी एक मध्यम बॅग पुरे.

व्हिएन्नात एकाच दुकानात ७५ युरोंपेक्षा अधिक खरेदी झाल्यास करपरताव्याचा अर्ज तिथेच भरून घ्यावा. त्यावर सीमाशुल्काचा शिक्का मात्र युरोपीय संघ सोडताना, म्हणजे या मार्गावर बुडापेस्टच्या विमानतळावर मिळतो आणि तेव्हा वस्तू दाखवावी लागते. म्हणून मोठी बॅग विमान कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वी ते काम उरकावे आणि त्यासाठी विमानतळावर तासभर आधी पोहोचावे.