शून्यावर न बसणारा काटा

टर्बो इंजिनात किती दाबाने हवा कोंबतो ते दाखवणारं बूस्ट गेज बसवणं म्हणजे एका दुपारचं काम, असं मी घरात सांगून बसलो होतो. त्यात तीन रविवार गेले. प्रत्यक्ष बसवायला अर्धा दिवस लागला असेल, बाकी सगळा वेळ मीच करून ठेवलेल्या चुका शोधण्यात गेला.

गाडी टर्बो पेट्रोल. चढावर ती पूर्वीसारखी ओढत नाही असं गेले काही महिने वाटत होतं. पण नुसत्या वाटण्यावर टर्बोवर संशय कसा घ्यायचा? मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यात, दाब किती येतोय ते डोळ्यांनी बघायचं ठरवलं आणि गेज घेतलं. मेकॅनिकल गेजमध्ये इंजिनातून एक बारीक नळी थेट डॅशपर्यंत येते आणि गेजच्या आतली वाकडी पितळी नळी दाबाने सरळ होऊ पाहते, त्यावर काटा फिरतो. साधं आणि भरवशाचं. तरी मी इलेक्ट्रॉनिक घेतलं, कारण नळी केबिनमध्ये आणायची माझी तयारी नव्हती. त्यात दाब मोजणारा सेन्सर बोनेटखाली राहतो, आत फक्त वायर येते.

पहिली चूक नळीची. सेन्सरसाठी टी (नळीला फाटा काढणारा तीन तोंडांचा जोड) कुठे टाकायचा याचा फार विचार न करता हाताला सहज लागली त्या नळीत टाकला. चाचणीला निघालो तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर काटा छान वर जायचा, पण आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं सुरू असताना, शून्यावर ढिम्म. डिझेल असती तर चाललं असतं, तिथे आयडलला फारसा व्हॅक्यूम (बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब) नसतोच. पेट्रोलला मात्र थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) मिटलेला असताना काटा शून्याच्या बराच खाली जायला हवा, धडधाकट इंजिनात साधारण १८ ते २० इंच पारा, म्हणजे उणे ०.६ ते ०.७ बार. मी टी टाकला होता वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेच्या) नळीत, म्हणजे टर्बो आणि थ्रॉटलच्या मधे. तिथे व्हॅक्यूम येणार कुठून? टी काढून थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डवरून निघणाऱ्या एका बारीक नळीत टाकला. ब्रेकला जोर देणाऱ्या ब्रेक बूस्टरच्या जाड नळीला मुद्दाम हात लावला नाही. गेजच्या हौसेपायी ब्रेकच्या नळीत जोड वाढवायचा नाही, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी चूक आळसाची. नळी टीवर नुसती दाबून बसवली, झिप टाय नंतर लावू म्हटलं. व्हॅक्यूममध्ये नळी आपोआप चिकटून राहते, म्हणून आयडलला सगळं ठाक दिसलं. पहिल्याच जोरदार बूस्टला ती उडाली. काटा शून्यावर, आयडल वरखाली आणि थोड्या वेळाने चेक इंजिनचा दिवा. मोजणीतून न गेलेली हवा त्या भोकातून मॅनिफोल्डमध्ये शिरत होती, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होत होतं. नळी बसवून दोन्ही टोकांना टाय आवळले, बिघाडाचा कोड पुसला, विषय संपला. गळती शोधायला साबणाचं पाणी मारतात ना, ते आयडलला मारून काही उपयोग नाही. व्हॅक्यूम फेस आत ओढून घेतो, बुडबुडा येतच नाही. बुडबुडे बघायचे तर नळीत बाहेरून दाब द्यावा लागतो.

तिसऱ्या भानगडीने मात्र छळलं. दिवसा गेज बरोबर, रात्री बूस्ट जास्त. थंड हवा दाट असते वगैरे शास्त्र मी स्वतःलाच ऐकवून झालं. एका संध्याकाळी गेज ज्यात बसतं त्या पॉडची वायर नीट दाबत होतो, इंजिन बंद, चावी ऑन. मुलीला म्हटलं, अंधार झालाय, जरा हेडलाइट लाव, समोरच्या भिंतीवरून उजेड येईल. ती म्हणाली, "बाबा, लाइट लावला की हा काटा हलतो."

बंद इंजिनात आत-बाहेर सारखाच दाब, काटा शून्यावरच हवा. तो ०.१ बारवर होता. लाइट घालवला की शून्य, लावला की पुन्हा ०.१. हवेचा काही संबंध नाही, हे वायरिंगचं दुखणं.

आता कबुली. सेन्सरला तीन वायरी: ५ व्होल्टचा पुरवठा, सिग्नल आणि अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट परतीची ऋण वायर). तिन्ही गेजकडूनच यायला हव्यात. माझी अर्थची वायर आखूड पडली, म्हणून मी ती बोनेटखालच्या एका बोल्टला दिली. त्याच बोल्टला हेडलाइटचाही अर्थ होता, आणि खाली रंग आणि गंज. मल्टिमीटरची एक टोचणी बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवली. लाइट बंद असताना जवळजवळ शून्य, लावल्यावर ०.२ व्होल्ट. माझा सेन्सर एका बारला साधारण १.३ व्होल्ट देतो. त्याचा पायाच ०.२ व्होल्टने उचलला गेल्यावर गेजला वाटणार की दाब वाढला. पुरवठाही तेवढाच घटत असल्यामुळे पूर्ण ०.१५ न दिसता ०.१ च्या आसपास दिसत होता.

नवी लांब वायर ओढली, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकातल्या रबरी ग्रोमेटमधूनच, पत्र्याच्या उघड्या भोकातून नाही. अर्थ परत गेजच्या जोडणीत दिला. तो बोल्टही काढून घासला, हेडलाइट जरा उजळ झाले ते वर. सेन्सर मॅनिफोल्डपेक्षा उंच लावून त्याचं तोंड खाली केलं, म्हणजे नळीतली ओल आणि तेलाची वाफ त्यात साचणार नाही.

आता गाडी काढण्याआधी चावी ऑन करून क्षणभर काटा बघतो. दिवे लावून, पंखा लावून, शून्य म्हणजे शून्य. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबल्यावर ०.८ बारपर्यंत जातो आणि तिथे टिकतो. सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाही त्याच्याच आसपास आहे, म्हणजे टर्बोची तक्रार नाही. ओढ कमी का वाटते ते पुढच्या रविवारी, एअर फिल्टरपासून सुरुवात. आणि हो, गेजची उजेड कमी करायची वायर पार्किंग लाइटला जोडायची राहिलीये. रात्री डोळ्यांवर येतो, म्हणून सध्या काचेवर काळ्या टेपची पट्टी आहे.