स्ट्रॅट की लेस पॉल करता करता घरी आली टेली

शेवटी टेलिकास्टर, म्हणजे टेली, ही इलेक्ट्रिक गिटार घेतली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना फक्त निकाल हवाय ते इथूनच सुटतील, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा कारण मी पाल्हाळ लावणारे. रॉक आणि ब्लूज दोन्ही वाजवायचंय तर फेंडरची स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) घेऊ की गिब्सनची लेस पॉल, हा प्रश्न घेऊन मी निघालो होतो, तिसरं काही डोक्यातही नव्हतं.

कॉलेजपासून अकूस्टिक वाजवतोय, बऱ्यापैकी वाजवतो. राहायला ठाण्यात, घोडबंदर रोडला, भिंती अशा की शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो. गिटारचं बजेट पन्नास हजारांच्या आत, ॲम्प (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) वेगळा, आणि हा आकडा बायकोने पास केलेला असल्यामुळे त्यात घासाघीस नाही. म्हणजे गिब्सनची खरी लेस पॉल तिथेच कटाप, ती लाखांत जाते. आपल्यासाठी लेस पॉल म्हणजे एपिफोन आणि फेंडर म्हणजे स्क्वायर. हे त्याच कंपन्यांचे स्वस्तातले ब्रँड आहेत, डुप्लिकेट माल नाही, हे घरी पटवून द्यायला बराच वेळ गेला.

पहिले काही आठवडे मी जे सगळे करतात तेच केलं, कोण काय वाजवतं ते बघत बसलो. बडी गाय स्ट्रॅट वाजवतो, वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सवाला येऊन गेलेला माणूस, झालं, ब्लूज म्हणजे स्ट्रॅट. मग गॅरी मूर ऐकला, त्याच्या हातात लेस पॉल. बी. बी. किंगकडे सेमी-हॉलो म्हणजे अर्धी पोकळ गिटार, अल्बर्ट किंगकडे ती बाणासारखी फ्लाइंग व्ही. आणि क्लॅप्टनने तर माझी पार वाट लावली, १९६६ मध्ये जॉन मेयॉलबरोबरच्या अल्बमवर लेस पॉल वाजवून नाव कमावलं आणि सत्तरच्या दशकापासून मुख्यतः स्ट्रॅट घेऊन फिरला. एकच माणूस, दोन्ही गिटारी, दोन्हीवर ब्लूज. मग नावं बघून ठरवायचं काय डोंबल? तिथे मी यादी बंद केली आणि दुकानं धरली.

दुकानात जाण्याआधी एक मात्र नीट समजून घेतलं, पिकअपचं, म्हणजे तारांचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवणाऱ्या भागाचं. फेंडरवाल्यांचा सिंगल कॉइल म्हणजे चुंबकांभोवती तारेची एक गुंडाळी, आवाज स्वच्छ, टोकदार, पण ती गुंडाळी घरातल्या वायरिंगची घरघरही पकडते. गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून ती घरघर आपसात मारून टाकली, त्याला हंबकर म्हणतात, १९५७ पासून तो लेस पॉलवर बसायला लागला. आवाज जाड, भरलेला, ॲम्पचा गेन (आवाज फाटेपर्यंत जोर देणारा नॉब) वाढवला तरी पाठीमागे शांत. म्हणजे रॉकला हंबकर आणि ब्लूजला सिंगल कॉइल असं ढोबळ गणित मांडून मी मोकळा झालो होतो. गणित तसं चूक नाही पण प्रत्यक्षात गिटार हातात घेतल्यावर भलत्याच गोष्टी आडव्या येतात, त्या सांगतो.

ठाण्यातल्या एका दुकानात गेलो तर गिटार भिंतीवरून काढून देतील पण ॲम्पला लावून देणार नाहीत, “सर, घ्यायची असेल तरच प्लग इन करतो.” अरे, वाजवल्याशिवाय घेऊ कशी? बाहेर पडलो. मग एका शनिवारी सरळ धोबी तलावला गेलो, फुर्टाडोजला, तिथे बसून वाजवता आलं. मी एक नियम केला होता: प्रत्येक गिटारवर तोच ए मधला बारा बारचा ब्लूज, तेच दोन बेंड (तार बोटाने खेचून सूर चढवणं), तोच ॲम्प, ॲम्पच्या नॉबना हात लावायचा नाही. दुकानात लोक येतात आणि एका गिटारवर क्लीन वाजवून दुसरीवर डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) लावून म्हणतात ही भारी आहे. भारी तो डिस्टॉर्शन होता.

लेस पॉल पहिल्यांदा घेतली तेव्हा दिल खूश झाला, खोटं कशाला बोलू. बेंड सहज होतात, कारण तिची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २४.७५ इंच आणि फेंडरची २५.५, म्हणजे दोन सेंटीमीटरचाच फरक, पण त्याच तारा, त्याच सुरात, तर ताण साधारण सहा टक्के कमी पडतो आणि बोटाला तो कळतो. नेककडच्या (मानेकडच्या) पिकअपवर टोन नॉब जरा खाली आणला की काय तो जाड आवाज, मला वाटलं झालं, बिल करा. पण मी मुद्दाम स्ट्रॅप मागून घेतला आणि उभा राहून वाजवली, आणि थोड्या वेळाने डावा खांदा बोलायला लागला. चार किलोच्या आसपास वजन. मला आधीच स्पाँडिलायटिसचा त्रास, जॅमरूममध्ये दोन-दोन तास तो पाटा गळ्यात घालून उभं राहणं जमणार नाही हे मला तिथेच कळत होतं, फक्त मान्य करायचं नव्हतं.

म्हणून मान्य न करता मी सेकंडहँडच्या मागे लागलो, म्हटलं वजनाला हलकी एखादी मिळेल, प्रत्येक लाकूड सारखं नसतं. ट्रान्स-हार्बर लोकल पकडून कोपरखैरण्याला एकांकडे लेस पॉल बघायला गेलो. काका फार सज्जन, आधी पोहे मग गिटार. काकांच्या मुलाची गिटार, मुलगा कॅनडाला. फोटोत चकाचक. हातात घेतली, मागे हेडस्टॉक (खुंट्यांचा भाग) जिथे नेकला मिळतो तिथे टॉर्च मारला आणि नखाने चाचपलं तर एक बारीक रेघ. लेस पॉलचं हेडस्टॉक मागे कललेलं असतं आणि बरोबर तिथेच ट्रस रॉडसाठी (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईसाठी) लाकूड कोरलेलं, त्यामुळे स्टँडवरून पालथी पडली की तिथेच तडकते. चिकटवलेली व्यवस्थित होती, अशी चिकटवलेली गिटार वर्षानुवर्षं चालतेही, पण भाव न तडकलेल्या गिटारचा. काकांना खरंच माहीत नव्हतं, मी दाखवलं तर त्यांचाच चेहरा पडला. “अरे, हा पडली म्हणून बोलला नाही कधी!” सेकंडहँड घेणाऱ्यांनी ही जागा आधी बघा, रंग-बिंग नंतर. मग पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकच तार एकदम दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघायची, जेमतेम व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी असावी, त्याहून फार जास्त असेल तर नेकला बाक आलाय, अजिबात फटच नसेल तर उलटा बाक. ट्रस रॉड फिरवून बहुतेकदा ते निघतं, पण तो फिरतोय का हे पैसे देण्याआधी बघायचं.

मग स्ट्रॅटकडे वळलो. मावसभावाकडे नौपाड्यात स्क्वायरची स्ट्रॅट होती, म्हणाला “दादा, घेऊन जा, ठेव महिनाभर.” ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट घडली, कारण दुकानात जे कळत नाही ते घरी कळतं. पहिल्याच रात्री ॲम्प लावला आणि घर्रर्र. केबल बदलली, सॉकेट बदललं, तरी घर्रर्र. तारांना हात लावला की थोडं कमी, हात काढला की परत, हे तसं नॉर्मल असतं कारण ब्रिजमधून (तारा बॉडीवर अडकतात त्या भागातून) तारा अर्थ झालेल्या असतात आणि हात लागला की आपलं अंगही अर्थ होतं. पण एवढी घरघर? खूप शोधल्यावर सापडलं, पंख्याचा रेग्युलेटर! जुना गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज तुकड्या-तुकड्यात कापून पंख्याला देतो आणि ती कापाकापी सिंगल कॉइल ऐकतो. पंखा बंद केला तर आवाज निम्म्याहून कमी. आता ठाण्यात मे महिन्यात पंखा बंद करून ब्लूज वाजवायचा म्हणजे ब्लूज आपोआपच येईल. टक-टक करणारा स्टेपवाला रेग्युलेटर बसवून घेतला, त्यात कपॅसिटर असतात, घरघर गेली. लोक पिकअप बदलायला हजारो रुपये घालवतात, त्याआधी रेग्युलेटर बदला. स्ट्रॅटच्या पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला, जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात, तर उरलीसुरलीही जाते, कारण बहुतेक नव्या गिटारींत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो.

घरघर गेली तरी माझं स्ट्रॅटशी जमेना. एक म्हणजे मधला पिकअप, माझं पिक खोल जातं आणि सारखं त्या प्लास्टिकला टक टक आपटायचं. दुसरं जास्त महत्त्वाचं. ब्लूजमध्ये आपण एक तार धरून ठेवतो आणि शेजारची खेचतो, दोन सूर एकत्र वाजतात. स्ट्रॅटचा ब्रिज स्प्रिंगांवर तरंगता असेल तर एक तार खेचली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात, म्हणजे धरलेला सूर बेसूर. आणि गाणं चालू असताना एक तार तुटली की उरलेल्या पाचही ट्यूनिंगमधून जातात. उपाय आहे, मागे कव्हर काढून स्प्रिंगा आवळायच्या म्हणजे ब्रिज बॉडीला टेकून बसतो, क्लॅप्टनने तर लाकडाचा ठोकळाच घालून ठेवला होता. पण व्हॅमी बार, म्हणजे ब्रिज हलवून सूर हेलकावायचा दांडा, मला वापरायचाच नाहीये, तर मग ती यंत्रणा घेऊन परत ती बंद करायची, हा उपद्व्याप कशाला?

यामाहाची पॅसिफिका ११२व्ही सुद्धा गंभीरपणे बघितली. ब्रिजला हंबकर, बाकी दोन सिंगल कॉइल, टोनचा नॉब वर ओढला की हंबकरचाही सिंगल कॉइल होतो, फिनिशिंग किमतीच्या मानाने कमाल. कागदावर माझं उत्तर तीच होती. पण ट्रेमोलो, म्हणजे तोच हलता ब्रिज, तिलाही आहे, आणि मधला पिकअपही.

टेली मी मागितली नव्हती. दुकानात स्ट्रॅटच्या शेजारी टांगलेली होती, सेल्समन म्हणाला “ही पण बघा सर,” आणि मी कंट्रीवाल्यांची गिटार म्हणून नाक मुरडून घेतली. तोच बारा बार, तेच दोन बेंड. ब्रिज पक्का, बॉडीला स्क्रूने आवळलेला, तारा बॉडीच्या आरपार, त्यामुळे एक तार धरून दुसरी खेचली तर धरलेली जागची हलत नाही. दोन पिकअप, मधे पिकला मोकळं रान. वजन माझ्या खांद्याला चालेल असं. आणि घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की ब्लूजवाल्या मडी वॉटर्सच्या हातात पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून टेली होती, आणि रॉकवाल्या लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर जिमी पेज, ज्याला आख्खं जग लेस पॉलवाला म्हणून ओळखतं, तोही टेलीच वाजवत होता. लिओ फेंडरने ही १९५० मध्ये ब्रॉडकास्टर नावाने काढली, स्ट्रॅटच्या चार वर्षं आधी, आणि तो माणूस मूळचा रेडिओ रिपेअर करणारा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ते दिसतं तिच्यात. काही बिघडलं तर चार स्क्रू काढून नेक वेगळा करा, इतका सरळ कारभार.

घेतली ती स्क्वायरची क्लासिक वाइब, पन्नाशीच्या दशकाच्या धाटणीची, बटरस्कॉच रंग, पाइनची बॉडी. खटकणाऱ्या गोष्टीही सांगतो. ब्रिज पिकअप फुल टोनवर कानात सुई टोचतो, मी टोन पाच-सहावरच ठेवतो. बॉडीला कडा तासलेली नाही, बसून वाजवताना उजवा हात तिथे रुततो. ब्रिजला सहाऐवजी तीनच सॅडल (तार टेकते ते तुकडे), एका सॅडलवर दोन तारा, त्यामुळे इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) सहाच्या सहा तारांवर काटेकोर बसत नाही, थोडं इकडे थोडं तिकडे तडजोड करावी लागते. आणि हाय गेन मेटल वाजवायचं असेल तर ही नाही, तिथे हंबकरच हवा. जुन्या वळणाच्या रॉकला मात्र ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शन) लावून ब्रिज पिकअपवर जी काही करकरीत रिफ निघते ती मला लेस पॉलवरही मिळाली नव्हती.

घेतल्यावर लगेच सेटअप (नेक, ब्रिज, तारांची उंची जुळवणं) करून घ्या, नव्या गिटारलाही लागतो. २५.५ च्या स्केलवर बेंड जड जातात म्हणून ९-४२ च्या, म्हणजे बारीक, तारा लावल्या (आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), मधे हौसेने १०-४६ लावून सगळी गिटार अर्धा सूर खाली उतरवून बघितली, स्टीव्ही रे वॉन तर तेराच्या तारा लावून अर्धा सूर उतरवायचा म्हणे, त्याची बोटं कसली होती देव जाणे. माझी ९ वर खूश आहेत. पावसाळ्यात तारा पटकन गंजतात आणि नेकही थोडा हलतो, वाजवून झालं की फडक्याने पुसून केसमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जुलैत ट्रस रॉडला पाव फेरा. त्याहून जास्त फिरवायची वेळ आली तर कारागिराकडे न्या, स्वतः हिरोगिरी करू नका.

बजेट माझ्यापेक्षा बरंच कमी असेल तर पॅसिफिका घ्या, विचारही करू नका. आणि खांदा धडधाकट असेल, वर जाड आवाजच हवा असेल, तर लेस पॉल, फक्त स्टँड चांगला घ्या.