दहा आठवड्यांसाठी गेलेले चौघे

शेजारच्या आजोबांनी ओढून नेलं म्हणून मी इथल्या, म्हणजे मेलबर्नच्या, एका हौशी कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात, जायला लागलो. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी मला थांबवलं. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल, तर तू फार मोठ्याने गातोयस, म्हणाल्या.

आता मी कणकवलीकडचा. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, रात्री दोन वाजता बुवाने काळी चारच्या चढ्या पट्टीत गजर उचलला, की कोरसने आवाज चोरायचा, असं मला जन्मात कुणी सांगितलेलं नाही. आमच्याकडे आरतीला घर दणाणलं नाही तर म्हातारी माणसं विचारतात, "उपाशी आसात काय रे?" इथे मला खालच्या पट्टीत एकच सूर धरून उभं केलं. बाकीचे मजेत वर-खाली फिरतायत आणि मी आपला खांबासारखा. चीड आली. पण चार पट्ट्यांतले सूर एका जागी येऊन मिळाले आणि वर कुठेतरी एक बारीक सूर उमटला, जो आमच्यातला कुणीच गात नव्हता. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

गाणं द सीकर्स या मेलबर्नच्या चौघांच्या जुन्या गटाचं होतं. साठी ओलांडलेल्या इथल्या माणसांना त्यांची गाणी तोंडपाठ. एथॉल गाय जाहिरात कंपनीत, ज्युडिथ डरहॅम त्याच कंपनीत सेक्रेटरी, कीथ पॉटगर रेडिओवर, चौथा ब्रूस वुडली. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कॉफीच्या दुकानात लोकगीतं. १९६४ मध्ये चौघे फेअरस्काय बोटीवर गाऊन तिकिटाचे पैसे फेडत इंग्लंडला निघाले. दहा आठवड्यांत परत यायचं ठरलेलं. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांची रेकॉर्ड ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेली, नोव्हेंबरात आणखी एक, ही दुसरी रशियन लोकगीताच्या चालीवरची. १९६७ मध्ये मेलबर्नच्या सिडनी मायर म्युझिक बाउल या खुल्या रंगमंचावर त्यांना ऐकायला अंदाजे दोन लाख माणसं लोटली. त्या वर्षीचा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा किताबही त्यांनाच. तो एखाद्या गटाला मिळण्याची ती एकच वेळ.

या पॉटगरचा जन्म कोलंबोचा. हे मी कॉयरमध्ये सगळ्यांना असं सांगतो, जसा काही तो आमच्या वाडीतलाच.

बोटी काय आमच्याकडे नव्हत्या? भाऊच्या धक्क्यावरून सुटून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत यायच्या. शिमग्याला निघालेले चाकरमानी डेकवर भजनं म्हणायचे, तिकिटाचे पूर्ण पैसे भरून. दिवसा गिरणी, रात्री भजन, गळे तर असे की पखवाज मागे पडावा. त्यांना ना कुणी चार पट्ट्या वाटून दिल्या, ना लंडनात कुणी एजंट त्यांची वाट बघत होता. सरकारी किताबाचं तर नावच काढू नका. पण डबलबारीला आजही माणूस पहाटेपर्यंत उठत नाही. इथे साडेनऊला हॉलचे दिवे बंद होतात, आणि खुर्च्या आपल्यालाच रचून ठेवाव्या लागतात.

काका फोनवर म्हणतात, "दोन वर्सांसाठी गेल्लंस, औंदा तरी गणपतीक येतलंस मां?" त्यांना मी द सीकर्सची गोष्ट ऐकवली. दहा आठवड्यांसाठी गेलेले हे चौघे १९६८ मध्ये गट मोडेपर्यंत मुख्यतः लंडनातच होते, आणि त्यावरून इथे त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत, उलट डोक्यावर घेतलं. माणूस जिथे चार पैसे आणि मान मिळतो तिथे थोडा रेंगाळतोच. काकांनी ऐकून घेतलं आणि तिकिटाचे भाव विचारले.

कॉयरचा कार्यक्रम सप्टेंबरात आहे, नेमका गणपतीत. बाईंनी माझं नाव लिहून घेतलंय. काकांना अजून कळवलेलं नाही.