फोन विकायचा नाही

गुरुवार, रात्री

कामावरून काढलेला माणूस वकिलाला भेटायला येतो तेव्हा नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बडतर्फीचं पत्र असं सगळं नीट लावून आणतो. जे लागणार असतं ते मात्र तोवर हातचं गेलेलं असतं. काढल्याच्या दिवशीच कंपनीचं लॉगिन बंद, लॅपटॉप जमा. आणि पुढच्या सणाला जुना मोबाइल एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतलेला. साहेबांचे व्हॉट्सॲप मेसेज त्या जुन्या फोनमध्ये. म्हणून पक्षकाराला पहिल्या भेटीतच सांगायचं : फोन विकायचा नाही, फॉरमॅट मारायचा नाही, आणि त्या चॅटला 'डिसअपिअरिंग मेसेज' लावलंय का ते इथे बसल्या बसल्या बघायचं. ती मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांची असते. नोटिसा लिहीत बसलं की तेवढे दिवस सहज जातात.

स्क्रीनशॉटवर लोकांचा फार भरवसा. पण त्यात तारखेच्या जागी नुसतं 'काल' असतं आणि नंबराच्या जागी 'साहेब'. चॅट एक्सपोर्ट केला तरी टेक्स्ट फाइलमध्ये आपण सेव्ह केलेलंच नाव येतं, नंबर येत नाही. उलटतपासात पहिला प्रश्न हाच येतो, की हे 'साहेब' कोण? त्यामुळे एक्सपोर्टबरोबर त्या कॉन्टॅक्टचं नंबर दिसणारं पानही घ्यावं. शिवाय ती टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये कुणालाही बदलता येते. खरा आधार फोनचाच. फोनच्या मालकाने साक्षीला उभं राहून मूळ फोनच हजर केला तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीबरोबर लागणाऱ्या प्रमाणपत्राची गरज उरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं आहे.

फोन हजर करणार नसाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. १ जुलै २०२४ च्या आधीपासून चालू असलेल्या प्रकरणांना जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : भाग 'अ' पक्षकाराचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा. दोन्हींत उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, सिरीयल नंबर, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहायचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा. हॅश काढायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल ही त्यातलीच कमांड वापरली की एसएचए-२५६ ची ६४ अक्षरी ओळ मिळते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदला, पूर्ण ओळ बदलते. घोळ होतो तो इथेच. हॅश काढून झाल्यावर कुणीतरी एक्सेल उघडतं, रकाना जरा रुंद करतं आणि सेव्ह करतं. किंवा फोटो व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवतं. तो दाबला जातो, घेतल्याची तारीख-वेळ पुसली जाते, हॅश जुळत नाही. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

आणखी एक. चॅट फोनवरून मेलवर, मेलवरून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर, तिथून प्रिंट. आणि प्रमाणपत्रात उल्लेख फक्त फोनचा. मधले टप्पे लिहिले नाहीत की निशाणी (पुरावा म्हणून कोर्टाचा क्रमांक) पडण्याआधीच हरकत येते, आणि ती योग्यच असते.

२०२० चा तो निकाल आपल्या जालन्याचा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतला वाद. उमेदवारी अर्ज वेळेत भरला का, हे निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरायचं होतं आणि प्रमाणपत्र कुणी देईना. न्यायालयाने प्रमाणपत्र सक्तीचंच धरलं. पण मागणाऱ्याने जमेल ते सगळं करूनही समोरचा देत नसेल तर अशक्य गोष्टीसाठी त्याला अडवायचं नाही, असं म्हटलं. नोकरीच्या वादात हे सोन्यासारखं आहे, कारण सर्व्हर, सीसीटीव्ही, हजेरीचं मशीन सगळं मालकाच्याच ताब्यात. तेव्हा आधी लेखी मागणी, पोचपावती, मग मालकाला ते कोर्टात हजर करायला लावण्याचा अर्ज. हा क्रम सोडू नये. सीसीटीव्हीचं पत्र तर त्याच आठवड्यात जायला हवं. डीव्हीआरची डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं.

मागायचं ते नाव घेऊन मागावं. 'सर्व संबंधित रेकॉर्ड' असं लिहिलं की अर्ज मोघम म्हणून फेटाळला जातो. हजेरीचा छापील रिपोर्ट मागू नका, त्यात एचआरला दुरुस्ती करता येते. बायोमेट्रिक मशीनमधला मूळ पंच-लॉग मागा, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतचा. पदनाम 'मॅनेजर' असलेला माणूस कायद्याने कामगार ठरतो की नाही, हे तो प्रत्यक्षात काय काम करत होता त्यावर ठरतं. त्यासाठी रजा कोण मंजूर करत होतं, ते दाखवणारा एचआर पोर्टलचा अप्रूव्हल-लॉग मागा. तिथे त्याचं नाव एकदाही नसेल तर नुसत्या पदनामाचा मालकाला फारसा उपयोग होत नाही.

अमेरिकेत मागणी केली की समोरच्याला आपल्याकडचे मेल-कागद शोधून द्यावे लागतात. तिथे इलेक्ट्रॉनिक पुरावा जपण्याच्या विषयाचा पायाच एका कर्मचारी महिलेच्या दाव्यात आहे : झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग, न्यूयॉर्क. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २००४ मध्ये, मेल नष्ट झाले म्हणून ज्युरीला कंपनीविरुद्ध अनुमान काढण्याची मुभा दिली. २००५ मध्ये ज्युरीने सुमारे २.९ कोटी डॉलर दिले. आपल्याकडे प्रतिकूल अनुमान, म्हणजे दडवलेलं ते दडवणाऱ्याच्या विरोधातच असेल असं धरणं, मागता येतं, पण ती वस्तू होती आणि आपण वेळेत मागितली होती, हे आधी दाखवावं लागतं.

मेलचंही चॅटसारखंच. फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची आतली नोंद, राहत नाही. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' करून ईएमएल फाइल उतरवून घ्यावी. हेडरमधल्या 'रिसीव्ह्ड'च्या ओळी खालून वर वाचायच्या आणि वेळेपुढचा आकडा बघायचा. तिथे शून्य असेल तर साडेपाच तास मिळवायचे : ३० जूनचे १९:१० म्हणजे आपल्याकडे १ जुलैचे रात्रीचे १२:४०. मुदतीचा हिशेब त्या तारखेपासून असेल तर हा फरक साधा नाही.

एक मात्र पक्षकाराला कडक शब्दांत सांगावं लागतं. पुरावा हवा म्हणून कंपनीचा सगळा ड्राइव्ह स्वतःच्या मेलवर पाठवायचा नाही. गोपनीयतेच्या भंगाचा नवा आरोप लागतो, आणि मूळ बडतर्फी बाजूला राहून सगळी चौकशी त्यावरच फिरते. स्वतःचं नेमणूकपत्र, पगार, मूल्यमापन, स्वतःला आलेल्या नोटिसा एवढं जपावं. बाकीच्या कागदांची फक्त तारीख, विषय आणि पाठवणाऱ्याचं नाव वहीत टिपून ठेवावं. हजर करण्याच्या अर्जात तेवढं पुरतं.