विहिरीमागची पोफळ

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलं, तेव्हा मी त्याच तालुक्यात कृषी सहायक होते. तलाठी, ग्रामसेवक आणि मी, असे तिघं मिळून पंचनामे करायचो. वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती, करोनामुळे तोंडाला मास्क आणि वरून पाऊस. रात्री डोळा लागायचा नाही. लागलाच, तरी मिटल्या डोळ्यांपुढे आडव्या पडलेल्या पोफळीच, सुपारीची झाडंच, यायच्या.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातली ती सकाळ. नऊ गुंठ्यांची वाडी, वाडीवाले आजोबा पंचाहत्तरी ओलांडलेले. मी फॉर्म काढून क्षेत्र विचारलं. ते झाडं सांगायला लागले.

"ही पाटाकडची बापसानं लावलेली. ह्या दोन माझ्या लग्नाच्या वर्षीच्या. त्या माडावर मिरीचा वेल होता, बाय..."

माझ्या डोक्यात वेगळाच हिशेब चालला होता. फळबागेला सरकारी मदत हेक्टरी 50 हजार, म्हणजे गुंठ्याला साधारण 500. नऊ गुंठ्यांचे साडेचार हजार. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. हा आकडा या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचा? छाती धडधडायला लागली, तळहात घामेजले, आणि मी ओरडले, "आजोबा, झाडं नकोत मला! क्षेत्र सांगा!"

ते एकदम गप्प झाले. जाऊन एका आडव्या माडावर बसले. तलाठी भाऊसाहेबांनी नजर दुसरीकडे वळवली.

मी वाडीच्या दगडी गडग्यापाशी जाऊन उभी राहिले. कधीतरी एका प्रशिक्षणात शिकवलं होतं की श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. चार आकडे घेतला, सहा आकडे सोडला. दहा-बारा वेळा केल्यावर धडधड उतरली. पण श्वासानं शरीर थाऱ्यावर येतं, तेवढंच. मी ओरडले का, हे कोडं तसंच होतं.

मग लक्षात आलं, आजोबांनी पैशाचं नावही काढलं नव्हतं. त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाला मी घाबरले होते. दर मी ठरवलेला नव्हता, मला तो वाढवता येणार नव्हता, तरी इतके दिवस मी प्रत्येक वाडीत आरोपीसारखी शिरत होते. कोणी नुसतं "ताई" म्हटलं तरी मला त्यात जाब ऐकू यायचा. माझ्या हातात होतं ते एवढंच: क्षेत्र बरोबर लिहिणं, खाते क्रमांकात चूक न होऊ देणं, कोणाचं नाव राहू न देणं. हे अंग काढून घेणं नव्हे. उलट इतके दिवस नको त्या ओझ्याखाली याच कामाकडे माझं लक्ष कमी पडत होतं. आदल्याच दिवशी दोन खाते क्रमांक मी चुकीचे उतरवले होते.

मी आजोबांच्या शेजारी जाऊन बसले.

"चुकलं माझं. सांगा परत, पहिल्यापासून."

"उशीर होईल बाय तुला."

"होऊ दे."

फॉर्ममध्ये या माहितीसाठी रकाना नव्हता. डायरीच्या मागच्या पानांवर लिहीत गेले. ते पुढे, मी मागे, प्रत्येक खोडाला हात लावत. पाऊण तास गेला. त्या दिवशी तीन वाड्या राहिल्या, त्या दुसऱ्या दिवशी केल्या.

पुढच्या वाड्यांत पहिली पाच-दहा मिनिटं फॉर्म पिशवीतच ठेवायला लागले. लोकांचा राग कमी झाला नाही, का व्हावा? एका बाईंनी तर फॉर्मवर सही करायलाच नकार दिला. पण त्यांचा राग वादळावर आहे, उघड्या पडलेल्या घरावर आहे, हे मला त्यांच्यासमोर उभं असतानाच दिसत होतं, आणि मी पळत नव्हते. झोप मात्र पूर्ववत व्हायला ऑगस्ट उजाडला.

त्या सकाळी निघण्याआधी मी आजोबांना यादी वाचून दाखवली. माड 11, पोफळी 118. ते डोळे मिटून ऐकत होते.

"एकशे एकोणीस," ते म्हणाले. "विहिरीमागची राहिली."

पावसाची सर आली होती. छत्री उघडून आम्ही दोघं विहिरीमागे गेलो. दगडांवर आडवी, अर्धी चिखलात रुतलेली, ती तिथे होती. मी खोडाला हात लावला आणि 118 खोडून 119 लिहिलं.