आत्येचा हात

आज गुहागरला आत्येकडे होते. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकागाठी (अंगातला लसिका हा द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) काढल्या, तेव्हापासून हा द्रव साचून तिचा डावा हात सुजतो. बांगड्या रुततात, विळीवर नारळ खवायला बसली की हात भरून येतो.

न्यूयॉर्क विद्यापीठात असताना मेई फू या नर्स-संशोधिकेने याच सुजेसाठी 'द ऑप्टिमल लिम्फ फ्लो' ही मोबाइलवर चालणारी प्रणाली उभी केली. तिच्यात शिकवतात ते स्नायू आवळत घेतलेले खोल श्वास, खांद्याचे व्यायाम. त्याने साचलेला द्रव पुढे सरकतो. डॉक्टर राउंड घेऊन जातात, पेशंटची रोजची कुरकुर ऐकतात त्या सिस्टर. असलं काही त्यांनाच सुचणार! आपल्या सिस्टरांनाही यासाठी वेळ आणि पैसा मिळायलाच हवा. असं काही मराठीत हवं, रेंज नसताना चालणारं हवं.

आत्ये म्हणते, "गणपतीत मोदक मीच वळणार."