मोड लाइनीची साफसफाई

रविवार, रात्री उशिरा

दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन सुरू झालंय. लेखांचा ढीग इनबॉक्समध्ये तसाच पडलाय आणि मी दिवसभर ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरची मोड लाइन आवरत बसलो. खिडकीच्या तळाशी असते ती पट्टी. बाकीच्या एडिटरांत तिला स्टेटस बार म्हणतात.

सकाळपर्यंत त्या पट्टीत काय काय होतं ते आधी लिहून ठेवतो. डावीकडे यू, मग कोलन, मग दोन फुल्या, फायलीचं नाव, टक्के, ओळ, कॉलम, मोडचं (फायलीच्या प्रकारानुसार एडिटर कसा वागतो त्याचं) नाव आणि त्याच कंसात चालू असलेल्या बारक्यासारक्या मोडांची रांग. त्यापुढे घड्याळ, बॅटरी आणि सिस्टिम लोडचा आकडा. हा लोड मी कधी मागितला नव्हता. घड्याळ चालू केलं की तो शेपटासारखा मागून येतो, त्याला वेगळा बंद करावा लागतो. मराठी ललित लेख तपासताना प्रोसेसरवर किती भार आहे हे कळून मी काय करणार होतो कोण जाणे.

म्हणून आज एकच कसोटी लावली. ही गोष्ट बघून मी पुढचं बटण वेगळं दाबणार आहे का? नसेन तर ती गेली. लोड गेला. बॅटरी गेली, ती वरच्या पॅनेलवर दिसतेच. बारक्या मोडांची रांग गेली. कॉलमचा आकडाही गेला. एक तर ईमॅक्स तो शून्यापासून मोजतो, आणि माझ्या फायलींत अख्खा परिच्छेद म्हणजे एक ओळ, मग त्यात तीनशेव्या कॉलमला उभं असण्याला काय अर्थ? ओळीचा आकडा मात्र ठेवला. मधे रिकाम्या ओळी सोडत नाही, त्यामुळे तोच परिच्छेद क्रमांक होतो आणि लेखकाला फोनवर सांगता येतं, ‘सातवा परिच्छेद बघा.’

सुरुवातीचा तो अगम्य यू-कोलनही ठेवला. यू म्हणजे यूटीएफ-८ (मजकूर साठवायची पद्धत), कोलन म्हणजे ओळीचा शेवट युनिक्स पद्धतीचा. फाईल विंडोजवरून आली असेल तर लिनक्सवर कोलनाच्या जागी ‘(डॉस)’ उमटतं. पुढे मांडणीच्या स्क्रिप्टला तशा फायली चालत नाहीत, म्हणजे ते दिसलं की मला काहीतरी करायचं असतं. कसोटीला उतरलं.

इनपुट मेथडची खूण तर मोठीच केली. देवनागरीसाठी ईमॅक्समधलीच आयट्रान्स वापरतो, रोमन अक्षरं टाइप केली की देवनागरी उमटवणारी. कंट्रोल-बॅकस्लॅशने चालू, त्यानेच बंद. चालू असली की पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला बारीक रोमन अक्षरांत तिचं नाव येतं, ते नजरेत भरत नाही. आता तिथे ठळक, केशरी ‘म’ येतो.

खरा वेळ गेला तो जुळ्या अक्षरांवर, म्हणजे दिसायला एक पण आतून वेगळी. अंकाला लेख येतात ते दहा जणांच्या दहा तऱ्हेच्या कीबोर्डांवरून, काही जुन्या फॉन्टांतून कन्व्हर्ट होऊन. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र युनिकोडात (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) निदान तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. एक, ०९३१ हा स्वतंत्र ऱ, त्याला हलन्त. दोन, साधा ०९३० र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. तीन, साधा र, खाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त. कुठल्यातरी प्रोग्रॅमने मजकूर सुटा करून साठवला की असं होतं, कारण ०९३१ ची अधिकृत फोड तीच आहे. पडद्यावर तिन्ही एकसारखे. शोधायला जावं तर एक सापडतो, दोन सापडत नाहीत. ‘ॲप’चंही तसंच. ०९७२ हा अख्खा ॲ युनिकोडात २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी अ आणि चंद्र वेगवेगळे टाकायचे, आणि अजूनही कित्येक कीबोर्ड तेच करतात. एकाच लेखात दोन्ही भेटतात.

डोळ्यांना जे दिसूच शकत नाही ते सांगणं हे खरं या पट्टीचं काम, असं मला वाटतं. फायलीचं नाव मला माहीत असतं, मीच उघडलेली असते.

तर आता उजव्या बाजूला दोन खुणा आहेत. नको असलेले र सापडले तर ‘ऱ’ आणि पुढे संख्या. सुटे अ-चंद्र सापडले तर ‘ॲ’ आणि संख्या. काहीच नसेल तर ती जागा कोरी. खुणेवर क्लिक केलं की कर्सर पुढच्या ठिकाणी जातो. शेजारी कर्सरखालच्या अक्षराचा युनिकोड क्रमांकही टाकलाय. तो काढायला काहीच खर्च नाही, आणि संशय आला की लगेच शहानिशा होते.

खर्च येतो तो मोजणीला. मोड लाइनीत ‘इव्हॅल’ लिहून कुठलाही कोड चालवता येतो, पण पडदा पुन्हा काढताना तो दर वेळी चालतो. लांब लेखात प्रत्येक अक्षरामागे अख्खी फाईल चाळायची म्हटलं तर टायपिंग अडखळणारच. त्यामुळे मोजणी आयडल टायमरवर टाकली. हात सेकंदभर थांबले की तो मोजतो, आकडा एका व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या कप्प्यात) ठेवतो, पट्टी फक्त तो व्हेरिएबल वाचते. शब्दसंख्याही त्याच फेरीत निघते. संपादक ताईंचा फोन ठरलेला असतो: ‘अरे, पंधराशेच्या आत बसला का तो?’ आता फोनवर बोलता बोलता उत्तर समोर असतं.

एका जागी मात्र डोकं चांगलंच खाल्लं. खुणेला लाल रंग दिला, क्लिक दिलं, आणि पट्टीत साधं करडं अक्षर. एरर नाही, इशारा नाही. मॅन्युअल उघडल्यावर उलगडा झाला. मोड लाइनीत घातलेल्या व्हेरिएबलवर ‘रिस्की’ असा शिक्का नसेल तर त्यातले रंग, क्लिक, इव्हॅल सगळं ईमॅक्स गपचूप गाळतो. नियम चांगलाच आहे. फायलीत स्थानिक व्हेरिएबल, म्हणजे त्या फायलीपुरत्या सेटिंग्ज, लिहून आणता येतात, उद्या कोणी लेखासोबत खोडसाळ कोड पाठवला तर तो पट्टीतून चालायला नको. पण गाळताना एक ओळ तरी कुरकुर करावी की नाही? शिक्का मारला आणि अक्षर लाल झालं.

संख्या देवनागरीत दाखवायचा मोह काही आवरला नाही. रोमन अंकाच्या क्रमांकात २३५८ मिळवले की तोच अंक देवनागरीत येतो, त्यामुळे फंक्शन दोन ओळींत बसलं. उपयोग शून्य, कसोटीत साफ नापास, तरी ठेवलंय.

पडदा उभा दुभागून मूळ आणि दुरुस्त प्रत शेजारी शेजारी ठेवतो तेव्हा दोन्ही पट्ट्या सारख्याच बडबडत होत्या. पट्टी कुठल्या खिडकीची आहे ते विचारायचं फंक्शन २९ व्या आवृत्तीपासून आहे. आता ज्या खिडकीत मी आहे तिथेच सगळं दिसतं, दुसरीत नुसतं फायलीचं नाव. उजवीकडे सरकवायची सोय ३० व्या आवृत्तीत आयती मिळाली. आधी रुंदी मोजून मधे रिकामी जागा भरायला लागायची, तो सगळा कोड आज पुसून टाकला. त्यात मजा आली.

सरळ अवतरणचिन्हांसाठी तिसरी खूण घालावी असं जेवताना वाटत होतं. पण ती चिन्हं जवळजवळ प्रत्येक लेखात ढिगाने असतात, खूण कायमच लाल राहील आणि चार दिवसांत मी तिच्याकडे बघणंही सोडून देईन. त्यापेक्षा उद्या फाईल उघडताच ती सगळी एकदम बदलणारी कमांड लिहितो. विनोदी लेखातलं ते इंचाचं चिन्ह तेवढं तिने वगळायला हवं.